चालत्या घरांचा मुक्काम

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा शिरपूरचा. नोकरीच्या निमित्ताने युरोपात गेला आणि तिकडचाच झाला. मागच्या उन्हाळ्यात त्याने बायको-मुलांना घेऊन नॉर्वे आणि स्वीडन पाहिलं, पण एकही रात्र हॉटेलात काढली नाही. मोटारीच्या मागे त्याने कॅरॅव्हॅन जोडली होती, म्हणजे चाकांवरची एक सुटसुटीत खोली. छपरावर सौरऊर्जेच्या पट्ट्या, बाकाखाली बॅटरी, पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर, त्याच गॅसवर चालणारा फ्रिज. संडाससुद्धा असा, की खालची पेटी ओढून काढायची आणि नेमून दिलेल्या ठिकाणी रिकामी करायची. विजेची तार नको, नळाची जोडणी नको. फोनवर मोठ्या कौतुकाने म्हणाला, "मामा, तीन आठवडे कुणाच्या दारात उभं राहिलो नाही. असं आपल्याकडे कुणी कधी केलंच नसेल."

मी म्हटलं, "अरे, तुझ्याच तालुक्यातून लोक असे शेकडो वर्षं जात-येत होते. हजारो बैल घेऊन, सगळं घर बैलांच्या पाठीवर टाकून." त्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. मग म्हणाला, "म्हणून करवंद नाका म्हणतात का? कारवानाचा नाका?" तसं काही नाही. तो नाका करवंद गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचा. पण प्रश्न वाईट नव्हता. आज मी जे सांगणार आहे ते त्या फोनमुळेच.

शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. तापीच्या उत्तर काठावर, उंच दरडीवर किल्ल्याचे अवशेष, आणि गावाजवळ फारुकी सुलतानांच्या कबरी. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला हा मुलूख दिला आणि खानदेशच्या सुलतानांचं पहिलं ठाणं इथे बसलं. बुऱ्हाणपूर त्यानंतरचं. आज बसमधून उतरणाऱ्याला तिथे भूतकाळाची फारशी चाहूल लागत नाही. पण सतराव्या शतकात सुरत बंदरात उतरलेल्या माणसाला आग्र्याला जायचं असेल, तर त्याच्यापुढे दोन मुख्य रस्ते होते. एक अहमदाबादवरून. दुसरा तापीच्या खोऱ्यातून : बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बुऱ्हाणपूर आणि पुढे नर्मदा ओलांडून उत्तरेला. थाळनेरला तापी उतरायची. म्हणजे त्या काळच्या जगातल्या एका मोठ्या व्यापारी रस्त्यावरचा हा उतार.

या रस्त्याने गेलेल्या दोघा परदेशी प्रवाशांनी तपशीलवार लिहून ठेवलं आहे. त्यातला दुसरा आधी घेतो, कारण तो माझ्या भाच्याच्या जातकुळीचा. जाँ-बातिस्त ताव्हेर्निए, फ्रेंच जवाहिऱ्या. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये पॅरिसला छापला गेला. हिशेबी माणूस. कुठून कुठे किती कोस, गाडीला किती भाडं, बैलांना काय घालायचं, सगळं नोंदवलेलं. बैलजोडीची प्रवासी गाडी दिवसाला साधारण एक रुपया. सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवस, म्हणजे सगळे मिळून ४० ते ४५ रुपये. बैलांना कणीक, गूळ आणि लोणी मळून केलेले गोळे, वर संध्याकाळी हरभरा. इभ्रतीने जायचं तर बरोबर वीस-तीस हत्यारबंद शिपाई, माणशी महिना चार रुपये. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं तो लिहितो, आणि नवापूरकडचा सुवासिक तांदूळ ज्यांनी खाल्ला आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. थाळनेरला उतरलेली नदी मात्र पुढे भडोचला जाते असं त्याने ठोकून दिलं आहे. तापी सुरतेला जाते. ज्या गावाहून निघाला तिथलीच नदी त्याने ओळखली नाही! हिशेबी माणसंही अशी घसरतात.

पण ताव्हेर्निएची गाडी ही हौशी आणि पैसेवाल्याची गाडी. खरी चालती घरं वेगळीच होती, आणि ती त्याला वाटेत आडवी येत. बैलांचे तांडे आले की रस्ता अरुंद असेल तिथे गाडीला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे. दहा-बारा हजार बैल एका मागोमाग जायचे म्हणजे दुसरं काय होणार! ताव्हेर्निए सांगतो की या लोकांच्या चार जमाती आहेत : एक फक्त धान्य वाहते, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. हे कप्पे इतके रेखीव आहेत की मला ते पुरते पटत नाहीत. परक्या माणसाला कुणीतरी समजावून सांगितलेलं असावं. पण एक गोष्ट त्याने पक्की हेरली : हे लोक घरात राहत नाहीत, बायका-मुलांसकट तंबूत राहतात, आणि प्रत्येक तांड्याला राजासारखा मान असलेला नाईक असतो.

हे आपले लमाण, बंजारे. स्वतःला ते गोर म्हणवतात, आणि या वाहतुकीच्या धंद्याला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. लमाण हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला असं म्हणतात. किनाऱ्याचं मीठ वर देशात आणायचं, परत जाताना धान्य, कापूस न्यायचा.

पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा नोकर १६३२ मध्ये उत्तरेत आग्रा-पाटणा रस्त्यावर होता. त्याला चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. तांडा हा आपला शब्दच त्याने लिहून ठेवला आहे. दिवसाला सहा-सात मैलांहून जास्त चालत नाहीत, तेही ऊन उतरल्यावर, असं तो म्हणतो. घरदार सगळं बरोबर.

सहा मैल म्हणजे फार हळू. पण या हळू चालण्यातच धंद्याची मेख आहे. बैल चरत चरत चालतो. रस्त्याच्या कडेचं गवत हेच त्याचं इंधन, आणि त्याला पैसा पडत नाही. घाईच्या वाहतुकीला दाणा विकत घ्यावा लागतो, मुक्कामाला सराईचं भाडं पडतं. तांड्याला दोन्ही नाही. म्हणून जो माल जड आणि स्वस्त, म्हणजे ज्वारी, गहू, मीठ, तो शेकडो मैल नेणं एकट्या तांड्याला परवडायचं. खानदेशच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, आणि सातपुड्याच्या घाटात गाडी चढवणं हे कामच होतं. पाठीवर गोणी घेतलेला बैल जिथे माणूस चालेल तिथे चालतो. एका बैलावर शंभर किलोच्या वर ओझं. चौदा हजार बैलांनी गुणून बघा. आजच्या मालगाडीची आठवण येईल.

या गोण्या तांड्यातल्या बायका तागाच्या सुतळीच्या विणत. मुक्कामाला ओझं उतरलं की त्याच गोण्यांची थप्पी लावून तळाभोवती भिंत उभी करायची. आत माणसं आणि जनावरं, बाहेर कुत्री. लमाणांच्या कुत्र्यांची ख्याती मोठी होती. सकाळी भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर. माल हीच भिंत आणि भिंत हाच माल. भाच्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये बाकाचा पलंग होतो आणि टेबलाची फळी होते, त्याचंही मला कौतुक आहे. पण ही युक्ती त्याहून सरस.

आणि मुक्काम कुठे करायचा हे कोण ठरवणार? काही तांड्यांत बालाजीला वाहिलेला एक बैल असे. त्याला हटाडिया म्हणत. त्याच्यावर कधी ओझं घालायचं नाही. रेशमी गोंडे, घुंगरं, पितळी साखळ्या घालून त्याला नटवायचं. तांड्यात कुणी आजारी पडलं तर त्याच्या पायाशी नेऊन नवस बोलायचा. दिवसाच्या चालीनंतर हा बैल आपण होऊन जिथे बसेल तिथे तळ पडायचा. बैलाला गवत आणि पाण्याचा वास माणसाआधी लागतो. तेव्हा यात श्रद्धा किती आणि शहाणपण किती, हे वेगळं काढायची मला गरज वाटत नाही.

मात्र बैल बसला ती जमीन कुणाची? भाच्याने मला हा प्रश्न विचारला नाही. हजारो बैल रात्रभर चरणार, गावच्या तळ्याचं पाणी निम्मं करणार. कुणाच्या परवानगीने? तांडा सगळं बरोबर घेऊन हिंडत असला तरी गवत आणि पाणी बरोबर घेऊन हिंडू शकत नाही.

त्याचं एक उत्तर बंजाऱ्यांच्या परंपरेत आहे. शहाजहानच्या काळात आसफखानाच्या दख्खनच्या स्वारीला जंगी आणि भंगी या नाईकांच्या बैलांनी रसद पुरवली. एकट्या त्यांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते असं सांगतात. तेव्हा त्यांना तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरात सनद मिळाली. तिच्यातल्या चार ओळी लमाण अजून म्हणून दाखवतात. त्यांचा भावार्थ असा, की यांना रांजणातलं पाणी घ्यायची मुभा, घराच्या छपरावरचं गवत काढून घ्यायची मुभा, दिवसाला तीन खून माफ, आणि जिथे आसफखानाचे घोडे उभे राहतील तिथे यांचे बैलही उभे राहतील. कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने ही हकिगत नोंदवली.

तीन खुनांवर लोक हसतात. पण पहिल्या दोन कलमांकडे बघा. पाणी आणि गवत. दुष्काळात गावच्या झोपडीवरचं गवत काढायचा अधिकार म्हणजे ज्याचं छप्पर गेलं त्याच्यावर काय प्रसंग आला असेल! सनद लष्कराच्या सोयीची होती. तिची किंमत गावकऱ्याने मोजली. तांड्यांबद्दल आज फार गोड बोललं जातं, म्हणून हेही सांगायला हवं.

ते किती खरं होतं ते पीटर मंडीच्या दुसऱ्या एका प्रवासात दिसतं, आणि तो प्रवास याच रस्त्याचा आहे. नोव्हेंबर १६३० मध्ये तो सुरतेहून आग्र्याला निघाला. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बुऱ्हाणपूर. गुजरात आणि खानदेशात त्या वेळी भीषण दुष्काळ पडला होता. रस्त्याच्या कडेला प्रेतं. नंदुरबारला तंबू ठोकायलाही नीट जागा मिळेना, इतकी दुर्गंधी. प्रवाशांच्या घोड्या-बैलांच्या शेणातून न पचलेले दाणे माणसं वेचून खात होती. आणि त्याच वेळी, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बुऱ्हाणपुरात शहाजहानची छावणी होती. तिच्यासाठी उत्तरेकडून धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवरून येत होत्या. धान्य होतं, वाहणारे होते, बैल चालत होते. पण ते छावणीचं धान्य. थाळनेरच्या माणसासाठी ते नव्हतं. लमाण ते विकू शकत होता का? बहुधा नाही. त्याचा मुक्कामाचा अधिकार ज्या सत्तेने दिला होता तिचंच ते धान्य होतं.

दुसऱ्या बाजूला, लढाईत तांड्याला कुणी हात लावत नसे. आज या फौजेला धान्य पुरवणारा नाईक उद्या समोरच्या फौजेला पुरवील, हे दोघांनाही ठाऊक असायचं आणि दोघांनाही चालायचं. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या पत्रांतून ब्रिंजारी हा शब्द सारखा भेटतो. त्यांचे बैल आले की नाही यावर त्याची कूच ठरायची.

आता जरा नॉर्वे-स्वीडनकडे जाऊ. भाच्याने आधी मला सांगितलं होतं की तिथे कुणीही कुठेही थांबू शकतो. मी थोडं वाचलं तेव्हा कळलं, की तसं अगदी नाही. नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे. लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, ती कुणाच्याही मालकीची असो, कुणालाही पायी हिंडता येतं आणि तंबू ठोकता येतो. अट अशी, की राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं, आणि न विचारता एका जागी दोन दिवसांहून जास्त थांबायचं नाही. मोटार रानात घालायची नाही. गाडी रस्त्याच्या कडेला किंवा ठरलेल्या जागी. स्वीडनमध्ये हा हिंडण्याचा हक्क १९९४ पासून राज्यघटनेतच नमूद आहे. आमच्या भाच्याच्या स्वातंत्र्याला सौरपट्ट्यांइतकाच या कायद्याचा आधार होता, फक्त तो छपरावर दिसत नाही.

आणि त्याच देशांत त्याहून जुना एक कागद आहे. १७५१ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांनी आपली सरहद्द आखली. ती रेषा सामी लोकांच्या मुलखातून गेली. सामी म्हणजे रेनडिअरचे कळप घेऊन ऋतूप्रमाणे हिंडणारे लोक. तहाला एक पुरवणी जोडली गेली : सामींनी वहिवाटीप्रमाणे वसंतात आणि शरदात सरहद्द ओलांडावी, स्वतःसाठी आणि जनावरांसाठी जमीन आणि पाणी वापरावं, आणि दोन राज्यांत युद्ध चालू असलं तरी त्यांना अडवू नये. मी हे वाचलं तेव्हा चमकलो. जनावरांना चारा, जनावरांना पाणी, युद्धात अभय. इकडे तांब्याचा पत्रा, तिकडे तहाची पुरवणी, आणि मागणी तीच.

पण कागद कागदच. १८५२ मध्ये नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातला फिनलंड यांच्यातली सरहद्द कळपांना बंद झाली. पुढे आणखी बंधनं आली, आणि विसाव्या शतकात कित्येक सामी कुटुंबांना आपला मुलूख सोडून दक्षिणेला जावं लागलं.

आपल्याकडे तांब्याच्या पत्र्याचं काय झालं? १८१८ च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याकडून सातपुडा उतरून तापीवर आली. थाळनेरचा किल्ला तहाने इंग्रजांकडे जायचा होता, तरी किल्लेदार तुळशीराम मामा याने दरवाजे लगेच उघडले नाहीत. पुढे दारातच गोंधळ होऊन चकमक उडाली, इंग्रज अधिकारी मारले गेले, आतली अरब शिबंदी कापली गेली, आणि त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. हिस्लॉपच्या या कृत्यावर खुद्द इंग्लंडातही टीका झाली. त्यानंतर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आला. धुळ्याची आखीव पेठ वसवली तोच हा ब्रिग्ज. योगायोग असा, की बंजाऱ्यांचं मूळ, इतिहास आणि चालीरीती यांवर इंग्रजीत लिहिलेला एक आरंभीचा निबंध याच ब्रिग्जचा आहे. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ मधल्या ग्रंथात तो छापला आहे. म्हणजे खानदेशचा पहिला इंग्रज कारभारी तांड्यांचा जाणकार होता.

जाणकार असून उपयोग झाला नाही. तांडा कुणी एका हुकमाने बंद केला नाही, पण त्याच्या पायाखालची एकेक गोष्ट काढून घेतली गेली. आधी लढाया संपल्या, म्हणजे मोठं गिऱ्हाईक गेलं. मग मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला आणि बिजासन घाटातून गाड्या चढू लागल्या. मिठावर सरकारी कर आणि पहारा बसला. १८६० च्या दशकात रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत १८६६ मध्ये खांडव्याला पोचली. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव झाली आणि चराईला पास लागू लागला. गवत हेच ज्याचं इंधन, त्याच्या इंधनाला किंमत आली. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे झाली : नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर. मंडी आणि ताव्हेर्निएच्या रस्त्याला बरीचशी समांतर, पण दक्षिण काठाने. थाळनेर आणि शिरपूर उत्तर काठाला राहिले. शिरपूरला गाडी पकडायची तर नरडाण्याला जावं लागे. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्यात शिरपूरचं नाव आहे. बघू.

धंदा गेल्यावरही माणसं हिंडतच होती. जाणार कुठे? मग हिंडणं हाच संशय झाला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली. या कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या जमातींना हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. अनेक भागांत बंजाऱ्यांच्या शाखा त्यात ओढल्या गेल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्याचं मूळ इथे आहे.

यातली गंमत म्हणा की विसंगती म्हणा, अशी की त्याच काळात जिल्ह्यातला सर्वांत मोठा भटका खुद्द कलेक्टर होता! दिवाळीनंतर त्याचा दौरा सुरू व्हायचा. तंबू, रावट्या, खुर्च्या, फायलींच्या पेट्या, स्वयंपाकी, बायको-मुलं, गाड्या, उंट. गावोगाव मुक्काम. आंबराईत तंबू पडला की गावाने गवत, लाकूड, दूध, कोंबड्या हजर करायच्या. बरेचदा वेठीने. रांजणाचं पाणी आणि छपराचं गवत हा अधिकार कुठे नाहीसा झाला नव्हता. तो तांड्याकडून कचेरीकडे गेला होता.

आणि ज्या कॅरॅव्हॅनमधून भाचा फिरला तिचा उगमही असाच. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने हौशी प्रवासासाठी खास गाडी बांधून घेतली, तिचं नाव 'वाँडरर'. हौशी कॅरॅव्हॅनची सुरुवात तिथून मानतात. नमुना होता जिप्सींच्या घोडागाड्यांचा. या जिप्सींची, म्हणजे रोमानी लोकांची, भाषा मूळ भारतातली, मराठी-हिंदीची चुलतबहीण. हजारएक वर्षांपूर्वी ते इथून गेले. तेव्हा भाच्याच्या चाकांवरच्या खोलीचं गोत्र शोधायला गेलं तर ते फिरून इकडेच येतं.

पण नॉर्वेत रोमानी भटक्यांचं काय झालं ते भाच्याला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगताना मलाही बरं वाटलं नाही. सरकारी पाठबळावर एका मिशनने त्यांची शेकडो मुलं आईबापांपासून काढून घेतली. त्यांना एका जागी राहायला शिकवण्यासाठी स्वानव्हीकेन इथे १९०८ पासून श्रमवसाहत चालवली. ती १९८९ मध्ये बंद झाली. १९९८ मध्ये नॉर्वे सरकारने माफी मागितली. तारखा जुळवून पाहा. हौशी माणसाला दोन दिवस तंबू ठोकण्याचा हक्क देणारा १९५७ चा कायदा झाला तेव्हा ही वसाहत चालू होती. एकाच देशात, एकाच वेळी. सुट्टीपुरता हिंडणारा नागरिक आणि जन्मभर हिंडणारा भटका, दोघांकडे बघण्याची नजर वेगळी.

आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन उभ्या करायला पार्क, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय. चांगलं आहे. पर्यटकाला मुक्कामाचा कागद मिळाला. चाळीसगावकडच्या तांड्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याच्या फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. विजेची तार नाही, नळ नाही. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर जोडणीवाचूनचं जगणं. त्यांच्यासाठी सांडपाण्याचं धोरण मी अजून वाचलेलं नाही.

भाचा आता म्हणतो आहे की पुढच्या हिवाळ्यात येतो, गाडी भाड्याने घेतो, आणि मामा, आपण थाळनेरला तापीच्या काठी मुक्काम करू. मी त्याला काही बोललो नाही. पण जागा बघून यावी म्हणून एका रविवारी तिकडे गेलो. किल्ल्याच्या दरडीवरून खाली पाहिलं. नदीचं पात्र रुंद, पलीकडे केळीचे बाग. परतताना रस्त्याच्या कडेला कापूस काढून मोकळ्या झालेल्या शेतात ठेलारी मेंढपाळांचा वाडा बसला होता. धुळे जिल्ह्यातले हे लोक पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन निघतात. दोन घोडी बांधलेली, शेजारी उलटी खाट, तिच्यावर गोधड्या आणि भांडी, जाळीत कोंबड्या, आणि खाटेच्या पायाला बांधलेलं कालपरवा जन्मलेलं कोकरू. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालली होती. बाजूला एका काठीला सौर दिवा लटकवलेला, दिवसाच्या उन्हात तापत.

म्हाताऱ्या बाबांना विचारलं, इथे किती दिवस? ते म्हणाले, शेतमालकाने बसवलंय आम्हाला. मेंढ्यांचं लेंडीखत त्याला, आम्हाला थोडे दाणे आणि विहिरीचं पाणी. दोन रात्री बोलला आहे तो. परवा सकाळी पुढच्या शेतात.